लिंकन खरा कसा होता? न पाठवलेली पत्रं आणि काही प्रश्न

कंदील
रविवार, रात्री ९.५०

आमच्या शाळेच्या जिन्यात ते पत्र लावलेलं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या शाळेतही असेल. लिंकननं आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं म्हणून जे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तेच. सातवीत मी ते पाठ म्हणून दाखवून कंपासपेटी मिळवली होती. आता त्याच तालुक्यात इतिहास शिकवतो. दोन महिन्यांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे पत्र त्यांनी कुठल्या साली लिहिलं?" साल शोधायला बसलो आणि कळलं, की लिंकनच्या पत्रांच्या आणि भाषणांच्या संग्रहांत ते कुठेच नाही. ते त्याचं नाहीच.

मुलीला तसं सांगितलं. तिचा लगेच पुढचा प्रश्न, "मग ते खरे कसे होते?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रोज रात्री त्याची खरी पत्रं वाचतोय, आणि जितकं वाचतोय तितका तो हातातून निसटतोय.

त्याला रोज पाहणाऱ्यांचंही असंच झालं होतं. डेव्हिड डेव्हिस हा इलिनॉयमधला न्यायाधीश. त्या काळी कोर्ट गावोगाव फिरायचं आणि वकील न्यायाधीशाबरोबर फिरायचे, एकाच खाणावळीत उतरायचे. असं या दोघांनी वर्षानुवर्षं केलं. १८६० मध्ये लिंकनला पक्षाची उमेदवारी मिळाली त्यात डेव्हिसचा मोठा वाटा होता. तो म्हणतो, इतका अबोल आणि मनातलं लपवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच फिरत्या कोर्टातला वकील लेनर्ड स्वेट, त्याचं म्हणणं तर मी वहीत उतरवून ठेवलंय : लिंकन आपल्या बेतांबद्दल एवढंच सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं यानं सगळं सांगितलं, आणि एवढं राखून ठेवायचा, की खरं तर काहीच सांगितलेलं नसायचं.

मला जे सापडलं ते मांडतो. जुलै १८६३. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला तीन दिवसांच्या लढाईत उत्तरेच्या जनरल मीडनं दक्षिणेच्या जनरल लीला मागे रेटलं. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, मिसिसिपीकाठचं व्हिक्सबर्ग उत्तरेच्याच जनरल ग्रँटच्या हाती आलं. ली माघार घेत पोटोमॅक नदीपाशी पोचला तर नदीला पाणी चढलेलं. लिंकनला वाटलं, आता मीडनं झडप घातली की युद्ध संपलं. मीड थांबला. १३ जुलैच्या रात्री ली नदी ओलांडून निसटला.

त्याच १३ तारखेला लिंकननं ग्रँटला एक पत्र लिहिलं. दोघांची आधी भेट झाल्याचं त्याला आठवतही नव्हतं. व्हिक्सबर्गच्या मोहिमेत ग्रँटनं पुढे घेतलेली वाट लिंकनला चुकीची वाटली होती. पत्रात तो सरळ लिहितो, तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं, हे मला स्वतः कबूल करायचं आहे. पत्र रवाना झालं.

दुसऱ्या दिवशी मीडला लिहिलं. तुम्ही सोन्यासारखी संधी घालवलीत, मला त्याचं अपार दुःख झालं आहे, असं त्यात आहे. ते पत्र पाकिटात घातलं आणि पाकिटावर लिहून ठेवलं : जनरल मीड यांना, कधी न पाठवलेलं, सही न केलेलं.

चूक कबूल करणारं पत्र टपालात गेलं आणि रागाचं खणात राहिलं. हा माणूस समजून घ्यायचा तर त्याचा खण उघडायला हवा असं मला वाटू लागलंय.

त्या खणात आणखी एक चिठोरं आहे. हेही कुणासाठी लिहिलेलं नाही, त्याच्या चिटणिसांनी जपलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. त्यात तो स्वतःशीच वाद घालतोय. दोन्ही बाजू म्हणतात देव आपल्याकडे आहे. दोघांचं चूक असू शकतं, एकाचं तर नक्कीच चूक आहे. एकाच वेळी एखाद्या गोष्टीच्या बाजूनं आणि विरुद्ध देवालाही राहता येणार नाही. पुढे तो लिहितो, की या युद्धात देवाचा हेतू दोन्ही पक्षांच्या हेतूंहून वेगळाच असणं अगदी शक्य आहे. ज्याचं सैन्य रोज मरतंय असा राष्ट्राध्यक्ष रात्री एकटा बसून हे लिहितो! हा माणूस कुठल्याही चर्चचा सभासद कधीच नव्हता.

मला यात मोठा संयम दिसतो. पण तो संयमच आहे का, याबद्दल खात्री नाही. ज्यांनी जास्त वाचलंय त्यांनी लिहावं.

---

घरकोंबडी
रविवार, रात्री १०.१५

पहिल्याच परिच्छेदानं हललेच. ते पत्र माझ्या मुलाच्या खोलीत फ्रेम करून लावलंय. वाचतेय, थांबू नका.

---

जिल्हाकोर्ट
रविवार, रात्री ११.०५

धागा उत्तम. एक दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची आहे.

मीडला लिंकनचा राग कळलाच नाही असं समजू नका. सरसेनापती हॅलेकनं १४ जुलैलाच तार करून राष्ट्राध्यक्ष अत्यंत असमाधानी असल्याचं मीडला कळवलं होतं. मीडनं ताबडतोब मला मोकळं करा म्हणून उलट तार केली. ती वाचल्यावर लिंकननं हे पत्र लिहायला घेतलं. म्हणजे राग पोचला होता. खणात राहिला तो त्याच्या स्वतःच्या अक्षरातला राग. हातातल्या सेनापतीला दुखावून घालवणं परवडणारं नव्हतं, हाही हिशेब त्यात असणार.

मी २६ वर्षं वकिली करतोय, म्हणून मला तो आधी वकील दिसतो. कुठला कागद कधी दाखल करायचा हे कळणं म्हणजे निम्मी वकिली. १८६२ चा उन्हाळा घ्या. २२ जुलैला त्यानं मंत्रिमंडळाला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवला. परराष्ट्रमंत्री सुअर्ड म्हणाला, आपण हरत असताना हे काढलं तर लोकांना तो अखेरचा टाहो वाटेल, एखादा विजय मिळू द्या. मसुदा खणात गेला. बरोबर एका महिन्यानं, २२ ऑगस्टला, ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली याच्या जाहीर पत्राला लिंकननं जाहीर उत्तर दिलं : एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, काहींना मुक्त करून आणि काहींना तसंच ठेवून वाचत असेल तर तेही करीन.

लोक हे उत्तर उद्धृत करून म्हणतात, बघा, त्याला गुलामांचं काही पडलं नव्हतं. पण उत्तर लिहिताना मसुदा तयार होता! त्याच पत्राच्या शेवटी तो म्हणतो, की हे माझ्या पदाचं कर्तव्य झालं. सगळीकडची सगळी माणसं मुक्त व्हावीत ही माझी वैयक्तिक इच्छा मी बदललेली नाही. तो साक्षीदाराची तयारी करून घेत होता. साक्षीदार म्हणजे उत्तरेतला गोरा मतदार. १७ सप्टेंबरला अँटिटमची लढाई झाली आणि पाच दिवसांत जाहीरनामा बाहेर आला.

संयमाबद्दल विचाराल तर मला सर्वांत मोठं उदाहरण १८६४ चं वाटतं. २३ ऑगस्टला त्यानं एक कागद लिहिला, घडी घालून बंद केला आणि आत काय आहे ते न सांगता कागदाच्या पाठीमागे सगळ्या मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. त्यांनी केल्या! आत लिहिलं होतं, की हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही अशी दाट शक्यता दिसते. तसं झालं तर निवडणूक आणि शपथविधी यांच्या दरम्यान नव्या राष्ट्राध्यक्षाशी सहकार्य करून संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील, कारण ज्या मुद्द्यांवर तो निवडून येईल त्यांमुळे नंतर त्याला ते वाचवणं शक्य होणार नाही. समोरचा उमेदवार होता मॅक्लेलन, ज्याला त्यानंच सेनापतीपदावरून काढलं होतं. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं, वारं फिरलं, आणि तो २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी निवडून आला. मग नोव्हेंबरात तो कागद मंत्र्यांपुढे उघडला. यादवी युद्ध चालू असताना निवडणूक पुढे ढकलण्याचा विचारही त्यानं केला नाही. हरलो तर काय करायचं ते आधी लिहून, सह्या घेऊन स्वतःला बांधून घेतलं.

---

कोरडवाहू
सोमवार, सकाळी ७.३०

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. लेखन चांगलं आहे, पण खणातलं शोधताना चारचौघांत बोललेलं बाजूला पडतंय.

१८ सप्टेंबर १८५८, चार्ल्सटन, इलिनॉय. सिनेटसाठीचा प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस याच्याबरोबरच्या चौथ्या वादसभेत लिंकननं हजारोंपुढे सांगितलं, की गोऱ्या आणि काळ्या वंशांची सामाजिक व राजकीय समता व्हावी याच्या बाजूनं मी नाही आणि कधी नव्हतो. काळ्यांना मताधिकार नको, ज्यूरीत जागा नको, गोऱ्यांशी लग्नही नको.

जिल्हाकोर्ट साहेबांनी १८६२ चा उन्हाळा सांगितला, त्यातली १४ ऑगस्ट ही तारीख सोडली. त्या दिवशी पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना त्यानं व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं, की तुमचे लोक इथे नसते तर हे युद्ध झालं नसतं. आपण वेगळं राहिलेलंच बरं. मध्य अमेरिकेत वसाहत करायला तयार माणसं शोधा. त्या वेळी मुक्तीचा मसुदा खणातच होता, हे मान्य. पण ज्या पाच जणांना हे ऐकून बाहेर पडावं लागलं, त्यांना खणातल्या कागदाचा काय उपयोग?

आणि मँकेटो. मिनेसोटातल्या डकोटा या मूळनिवासी लोकांना करारानं ठरलेले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, उपासमार झाली, ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी हत्यार उचललं, शेकडो वसाहतवाले मारले गेले. नंतर लष्करी आयोगानं ३०३ जणांना फाशी सुनावली. कित्येक खटले पाच-दहा मिनिटांत उरकलेले. २६ डिसेंबरला मँकेटो गावी ३८ जणांना एकाच वेळी, एकाच मचाणावर फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी, आणि मंजुरी लिंकनची.

मी त्याला खलनायक म्हणत नाही. पण "समजत नाही" म्हणता म्हणता आपण त्याच्याभोवती प्रभावळ उभी करतो, ते मला खटकतं.

---

मक्याचं_रान
सोमवार, संध्याकाळी ६.१०

मी इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला राहते. अकरा वर्षं झाली. चहूकडे मका आणि सोयाबीन. स्प्रिंगफील्ड इथून तासाभरावर, त्यामुळे पुण्याहून कुणीही आलं की लिंकनचं घर आणि समाधी या दोन ठिकाणी आमची फेरी ठरलेली. समाधीबाहेर त्याचं ब्राँझचं डोकं आहे. लोक नशिबासाठी नाकाला हात लावतात, त्यामुळे बाकी चेहरा काळपट आणि नाक सोन्यासारखं. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिला उचलून मीही हात लावायला लावला होता.

डेव्हिस न्यायाधीश आमच्या ब्लूमिंग्टनचाच. आणि कोरडवाहूंनी डिसेंबर १८६२ काढला म्हणून हे लिहावंसं वाटलं.

इथल्या कोर्टात विल्यम मॅकलॉ नावाचा क्लार्क होता, लिंकनचा जुना स्नेही. एक हात गमावलेला. तरी घोडदळात गेला. ५ डिसेंबरला मिसिसिपीत मारला गेला. त्याची मुलगी फॅनी खोलीत कोंडून घेऊन बसली, जेवेना. डेव्हिसनं ही गोष्ट लिंकनच्या कानावर घातली. २३ डिसेंबरला लिंकननं तिला पत्र लिहिलं.

आता तो महिना बघा. ६ डिसेंबरला त्यानं मिनेसोटाला ३९ नावांची यादी पाठवली. १३ तारखेला फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेची साडेबारा हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुढच्या आठवड्यात त्याच्याच पक्षाचे सिनेटर मंत्रिमंडळ बदला म्हणून दारात. २३ तारखेला एका मुलीचं सांत्वन. २६ ला मँकेटोची फाशी. १ जानेवारीला मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही. हे सगळं एकाच टेबलावर झालं.

ती यादी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली आहे. ३०३ खटल्यांचे कागद मागवून तपासायला लावले. आधी ठरवलं की ज्यांनी स्त्रियांवर अत्याचार केले तेवढ्यांनाच फाशी. असे दोनच निघाले. मग लढाईत भाग घेणारे आणि निःशस्त्रांच्या कत्तलीत भाग घेणारे वेगळे काढले. डकोटा नावं त्याला परकी. एकाच्या जागी दुसरा जाऊ नये म्हणून तुकड्या पाडून लिहिली. एकाची फाशी नंतर थांबवली. तरीही नावांच्या गोंधळात एक चुकीचा माणूस लटकवला गेला. कोरडवाहू म्हणतात ते खरं आहे, ३८ हा आकडा त्याच्याच सहीनं. पण २६५ जणांना फासावरून खाली उतरवणारी सहीही तीच होती, आणि मिनेसोटाचे गोरे मतदार त्यावर खवळले होते. नंतर तिथला नेता रॅम्सी त्याला म्हणाला, जास्त फाशी दिली असतीत तर जास्त मताधिक्य मिळालं असतं. त्यावर उत्तर, मतांसाठी माणसं फासावर देणं मला परवडणारं नव्हतं.

या तारखा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. माफ करणारा हात आणि मारणारा हात मला वेगळे करता येत नाहीत.

---

कोरडवाहू
सोमवार, रात्री ८.४५

@मक्याचं_रान, २६५ चा मुद्दा मी लिहायला हवा होता. मान्य.

तुमच्या तारखांवरून आठवलं ते प्रामाणिकपणे नोंदवतो, जरी ते माझ्या बाजूचं नसलं. नॅथॅनिएल गॉर्डन हा गुलामांचा व्यापार करणारा जहाजाचा कप्तान. त्याच्या जहाजावर जवळजवळ नऊशे आफ्रिकन माणसं कोंबलेली सापडली. कायद्यानं या गुन्ह्याला फाशी होती, पण तोवर एकालाही झाली नव्हती. अर्ज-विनंत्यांचा पाऊस पडला. झोप लागलेल्या पहारेकऱ्यांना, पळून गेलेल्या पोरांना माफी देणारा लिंकन इथे बधला नाही. फक्त दोन आठवडे पुढे ढकललं, तेही मरणाची तयारी करायला. फाशीची तारीख पडली २१ फेब्रुवारी १८६२. आदल्या दिवशी, २० फेब्रुवारीला, लिंकनचा अकरा वर्षांचा विली विषमज्वरानं व्हाइट हाउसमध्येच गेला. बाप ओक्साबोक्शी रडत चिटणिसाच्या खोलीत शिरला होता, "माझं पोर गेलं, खरंच गेलं" म्हणत. दुसऱ्या दिवशी गॉर्डनला फाशी झाली. ती त्यानं थांबवली नाही.

---

अबोली
मंगळवार, दुपारी २.२०

मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आजाराचं नाव चिकटवणं मला योग्य वाटत नाही. पण त्यानं स्वतः लिहिलेलं आहे.

जानेवारी १८४१. मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडलेलं, जिवाभावाचा मित्र जोशुआ स्पीड गाव सोडून निघालेला. मित्रांना त्याच्या खोलीतून वस्तरे काढून ठेवावे लागले. तेव्हा तो आपल्या वकिलीतल्या भागीदाराला लिहितो : आज माझ्याइतका दुःखी माणूस जगात नाही. मला जे वाटतंय ते सगळ्या मानवजातीत सारखं वाटलं तर पृथ्वीवर एकही हसरा चेहरा उरणार नाही. असा राहणं अशक्य आहे. एक तर मरायला हवं, नाही तर बरं व्हायला हवं.

नऊ वर्षांचा असताना आई गेली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन होणारा आजार होता तो. एकोणिसाव्या वर्षाच्या आत बहीण बाळंतपणात गेली. चार मुलांपैकी दोन मुलं त्याच्यासमोर गेली. नंतरचा भागीदार हर्नडन म्हणतो, हा चालायचा तेव्हा अंगातून उदासी ठिबकायची.

आणि हाच माणूस गोष्टी सांगून सांगून लोकांना हसवायचा. २२ सप्टेंबर १८६२, जाहीरनाम्याची बैठक. सगळे मंत्री जमले. यानं आधी एका विनोदी लेखकाचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतः खूप हसला. युद्धमंत्री स्टँटनच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग पुस्तक मिटून तो अतिशय गंभीर झाला आणि लाखो माणसांच्या आयुष्याला हात घालणारा कागद काढला.

माझ्याकडे येणाऱ्यांत असं बोलणारे मी पाहिले आहेत. विनोद सांगणाऱ्याला कुणी "तू कसा आहेस" असं विचारत नाही. गोष्ट सांगितली की खोलीतले सगळे गोष्टीकडे बघतात. लिंकनच्या गोष्टींनी त्याला हेच आडोशाचं काम केलं असावं असं मला वाटतं.

कंदील सरांना एक विचारायचं आहे. तुम्ही त्याच्या वडिलांबद्दल काही लिहिलं नाहीत. मुद्दाम?

---

पायवाट
मंगळवार, रात्री ९.००

कोरडवाहूंच्या प्रश्नाकडे परत यायचं आहे.

१८४१ च्या सप्टेंबरात लिंकन ओहायो नदीवरून बोटीनं येत होता. बोटीवर बारा गुलाम साखळीनं एकत्र बांधलेले, विकत घेऊन दक्षिणेला चालवलेले. त्यानं स्पीडच्या बहिणीला लिहिलं, की दोरीच्या गळाला लागलेल्या माशांसारखे ते एका ओळीत बांधले होते. आईबाप, बायकामुलं कायमची तुटली, तरी बोटीवर सर्वांत आनंदी तेच दिसत होते. वाचून राग येतो. मित्राच्या बहिणीला पाठवलेल्या गमतीच्या पत्रातला एक मजकूर!

१८५५ मध्ये तो त्याच प्रसंगाबद्दल स्पीडला लिहितो. स्पीडचं घराणं गुलाम बाळगणारं. आता तो म्हणतो, ते दृश्य मला सतत छळत राहिलं. ओहायो नदीला किंवा गुलामीच्या कुठल्याही सीमेला हात लागला की मला तसंच काहीतरी दिसतं.

दृश्य तेच, मधे चौदा वर्षं. पहिल्या पत्रात त्यानं स्वतःपासून लपवलं, की दुसऱ्यात नंतरचं दुःख मागे नेऊन बसवलं? मला ठरवता आलेलं नाही. तो बदलत होता एवढं मात्र दिसतं. ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या भाषणात तो बुद्धिमान आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा म्हणाला. चार्ल्सटनहून तिथवर यायला साडेसहा वर्षं लागली. गर्दीत जॉन विल्क्स बूथ हा नट उभा होता. तीन दिवसांनी त्यानं लिंकनला गोळी घातली.

त्याला सर्वांत नीट ओळखलं ते फ्रेडरिक डग्लसनं, असं माझं मत आहे. स्वतः गुलामीतून पळालेला माणूस. १८७६ मध्ये वॉशिंग्टन शहरात लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणाला, खुद्द राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेला असताना, डग्लस म्हणाला, की लिंकन मुख्यतः गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता. तुम्ही गोरे त्याची मुलं, आम्ही फार तर सावत्र मुलं. गुलामीविरोधाच्या कसोटीवर तो संथ, थंड, उदासीन वाटतो. पण त्याच्या देशाच्या भावनेशी ताडून पाहिलं तर तो चपळ, तळमळीचा आणि ठाम होता. दोन्ही एकाच भाषणात. एक वाक्य दुसऱ्याला खोडत नाही.

आपल्याकडचा दुवा द्यायचा मोह आवरत नाही. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. अर्पणपत्रिका एका नेत्याच्या नावाची नाही, लोकांच्या नावाची आहे. लिंकन जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. दूर पुण्यात बसून जोतीरावांनी ते काम कुणाचं मानलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

जिल्हाकोर्ट
मंगळवार, रात्री १०.३०

पायवाट, दंडवत. डग्लसचं ते भाषण आज पूर्ण वाचून काढलं. माझं "साक्षीदार तयार करत होता" हे वाक्य १४ ऑगस्टच्या त्या पाच जणांपुढे तोकडं पडतं, हे कोरडवाहूंना सांगतो. डावपेच म्हणून ते समजतं. ज्यांच्यावर तो डाव खेळला गेला त्यांच्या बाजूनं मी विचार केला नव्हता.

---

कंदील
बुधवार, रात्री १०.१०

अबोली, मुद्दाम नाही, पण टाळलं होतं खरं. तो भाग मला जड गेला.

वडील थॉमस, अक्षरओळख जेमतेम. पोराला शेजाऱ्यांकडे कामाला लावायचे आणि एकविसाव्या वर्षापर्यंतची मजुरी त्या वेळच्या कायद्यानं बापाची. जानेवारी १८५१ मध्ये ते मरणशय्येवर होते. सावत्रभावाची दोन पत्रं आली तरी लिंकननं उत्तर दिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, की बायको आजारी आहे, येता येणार नाही. देवावर भरवसा ठेवा म्हणावं. आणि पुढे : त्यांना सांग, आता भेटलो तर ती भेट सुखाची होण्यापेक्षा जास्त दुखावणारी होईल असंच वाटतं. पाच दिवसांनी वडील गेले. हा अंत्यविधीला गेला नाही. दोन वर्षांनी मुलगा झाला, त्याचं नाव मात्र थॉमस ठेवलं. घरात त्याला टॅड म्हणत, म्हणून ते नाव सहसा लक्षात येत नाही. सावत्र आईवर जीव होता. वॉशिंग्टनला जायच्या आधी, कडाक्याच्या थंडीत, तिला मुद्दाम भेटून आला.

आणि ज्याच्या नावानं आपण ते पत्र लावलंय तो शाळकरी मुलगा, थोरला रॉबर्ट. तो सांगतो, मी लहान असताना वडील सतत फिरत्या कोर्टावर. आणि ते राष्ट्राध्यक्ष असताना मला त्यांच्याशी दहा मिनिटंही निवांत बोलता आलं नाही. ज्या बापानं मुलाशी असं बोलावं अशी आपली इच्छा होती, ते बोलणं आपण त्याच्या तोंडी घातलं.

मी पहिल्या पोस्टमध्ये "संयम" म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो. मीडला न पाठवलेलं पत्र आणि बापाला न भेटणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि पहिलीला संयम म्हटलं तर दुसरीला काय म्हणू? त्याला समोरासमोर दुखणं सहन होत नसे, कागदावर होत असे. सध्या मी इथवर पोचलोय.

मुख्याध्यापिका बाईंशी बोललो. जिन्यातलं पत्र राहू द्यायचं, खाली "हे लिंकनचं नाही" अशी पट्टी लावायची आणि शेजारी त्याचं एक खरं पत्र लावायचं, असं ठरलं. मक्याचं_रान यांच्यामुळे फॅनीचंच पत्र घेतोय. भाषांतर करतोय, मदत हवी आहे :

"या दुःखाच्या जगात दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं, आणि लहानांना ते जास्त कडू लागतं, कारण ते त्यांना बेसावध गाठतं. मोठ्यांनी त्याची वाट पाहायला शिकलेलं असतं. ... पूर्ण आराम फक्त काळच देईल. आपल्याला पुन्हा कधी बरं वाटेल हे आज तुला खरं वाटणार नाही. हो ना? पण ते चूक आहे. तू पुन्हा नक्की आनंदी होशील. ... मी हे सांगतो ते कळण्याइतका अनुभव मला आला आहे."

शेवटी तो म्हणतो, वडिलांची आठवण आज यातना आहे, पुढे ती काय होईल. तिथे त्यानं दुःखी आणि गोड हे दोन शब्द शेजारी ठेवलेत. "दुःखद गोड भावना" हे मराठीत मेल्यासारखं वाटतं. काय लिहू?

---

घरकोंबडी
बुधवार, रात्री १०.४०

"हुरहूर"?

---

अबोली
बुधवार, रात्री ११.००

हुरहुरीत अजून काहीतरी व्हायचं बाकी असतं. फॅनीचे वडील गेलेले आहेत.

"कळण्याइतका अनुभव मला आला आहे" हे वाक्य तसंच ठेवा, सर. आई, बहीण, दोन मुलं, यांतलं एकही नाव न घेता त्यानं जे काही सांगितलं असेल ते एवढंच.

---

मक्याचं_रान
गुरुवार, पहाटे ५.२५

माझी आजी कोकणातली. आजोबा गेल्यावर पहिली दोन वर्षं ती त्यांचं नाव निघालं की उठून आत जायची. नंतर नंतर परसात फणस उतरवताना हसून म्हणायची, "आज यांची सय आली बघ."

"सय" चालेल का?

---

कंदील
गुरुवार, सकाळी ६.५०

चालेल. "पुढे ती यातना राहणार नाही, मनात वडिलांची सय होऊन राहील." आज शाळेत फळ्यावर लिहून बघतो, त्या मुलीला वाचायला लावतो.